एका रुपयाला ठेवलेली पेटी

माझे बाबा वस्तू गहाण ठेवून पैसे द्यायचे, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच एक मिशीवाला, लोडाला टेकलेला सावकार उभा राहतो. बाबांना मिशी नव्हती, आणि लोडाला टेकायला त्यांना सवड नव्हती. डिचोलीच्या बाजारात आमचं भुसार मालाचं दुकान होतं. दिवसभर ते तांदूळ, गूळ आणि रॉकेल यांच्यात उभेच असत. दुकानाच्या वर माळा होता आणि माळ्यावर एक खोली. त्या खोलीत लोकांच्या वस्तू राहायच्या: तांब्याचे हंडे, समया, एक शिवणयंत्र, कुणाची सायकल, फिरंग्यांच्या काळातलं एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ. गोवा मुक्त होऊन फार वर्षं झाली नव्हती. गावात बँक यायची होती, आणि अडल्या माणसाला एकतर नातेवाईक होते किंवा आमचा माळा होता.

मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, जवळ आला की माळा भरायचा. पावसाळ्यात खाणी बंद पडत, हातात पैसा येत नसे आणि नेमका तेव्हाच बी-बियाणाचा, मुलांच्या पाट्या-पुस्तकांचा खर्च निघे. शिवाय अर्ध्या लोकांची छपरं गळकी. आमचा माळा कोरडा. त्यामुळे गरज थोडी आणि सोय जास्त, असाही कारभार चाले. कर्जही मिळालं आणि हंडाही गंजला नाही. दसऱ्याला लोक पैसे फेडून वस्तू घेऊन जात आणि माळा रिकामा होई.

या सगळ्यात बाबांचा एक हट्ट होता, आणि त्या हट्टापायी आमच्या घरात बरीच करमणूक व्हायची.

"वस्त आपल्या घरांत आसा म्हणून ती आपली जायना," असं ते म्हणत. म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू वापरायची नाही. पुसायची, झाकायची, उंदरांपासून जपायची, पण वापरायची नाही. एका चतुर्थीला घरी पाहुण्यांचा लोंढा आला. आईला मोठा हंडा हवा होता. माळ्यावर हंड्यांची रांग लागलेली आणि आमची आई शेजारणीच्या दारात हंडा मागायला उभी! ती शेजारीण पुढं कितीतरी वर्षं तो किस्सा सांगून हसायची. आई मात्र हसत नसे. बाबांच्या तत्त्वांचं ओझं शेवटी तिलाच वाहावं लागे, आणि पाण्याने भरलेल्या हंड्याचंही.

अशाच एका मिरगाच्या तोंडावर तो पेटीवाला पहिल्यांदा आला. सावंतवाडीकडचा माणूस, आमच्या जवळच्या खाणीवर कामाला. अंगभर लाल धूळ आणि डोक्यावर धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र पंच्यात गुंडाळलेली हार्मोनियम. खाणकामगारांच्या भजनात तो पेटी वाजवायचा.

"शेटांनू, ही ठेवन घेवा," तो म्हणाला. "गावाक जातंय. माज्या घराक वरसून पाणी नि खालसून ओल. माणसां कशी तरी ऱ्हवतत, पेटी ऱ्हवाची नाय."

बाबांनी पैसे दिले, पेटी माळ्यावर नेली, वर दोन गोणपाटं घातली आणि घरात सगळ्यांना बजावलं की तिकडे कुणी फिरकायचं नाही. मी तेव्हा शाळेत होते, वयाने बारा-तेरा. गोणपाटाखालून दिसणारं पितळी कुलूप बघायला मी रोज जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जात असे. पुढं जायची छाती नव्हती.

दसऱ्याला पेटीवाला आला. पैसे फेडले. बाबांनी पेटी खाली आणून दिली, जशीच्या तशी, धुळीचा कणही नाही. त्याने झाकण उघडलं, भाता ओढला आणि एक पट्टी दाबली. ती खाली गेली ती वर येईचना. दुसरी दाबली, ती दाबलीच जाईना. भात्याच्या आत बुरशी धरली होती, सूर कुबट निघत होते.

"शेटांनू, ही सारी बंदच होती?" त्याने विचारलं.

"हात लावंक दिलो ना कोणाक," बाबा अभिमानाने म्हणाले.

"थयच चुकलां," तो हळूच म्हणाला. "पेटी म्हणजे हंडो न्हय ओ. तिका रोज वारो खावक होयो."

बाबांचा चेहरा मी आजही विसरले नाही. आयुष्यभर ज्या नियमावर ते चालले होते, तोच पाळल्यामुळे दुसऱ्याची वस्तू बिघडली होती. त्यांनी व्याज परत केलं, म्हापशाला नेऊन पेटी दुरुस्त करून घेतली, खर्च स्वतः केला. पेटीवाला नको नको म्हणत होता. पण राखायला घेतलेली वस्तू बिघडली तर ती राखणाऱ्याने नीट करून द्यायची, यावर बाबा अडून बसले. आई आतून म्हणाली, "माझी पाठ कधी दुरुस्त करणार?" ते कुणी ऐकलं नाही.

पुढच्या मिरगाला पेटी परत आली तेव्हा सोबत एक अट होती. रोज थोडा वेळ ती कुणीतरी वाजवायची. घरात रिकामी कोण? मी.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही, पण बाबांचे नियम अजून संपले नव्हते. त्यांनी रात्रभर विचार करून सकाळी निकाल दिला. सा रे ग म वर जाणे आणि खाली येणे, ही निगा. गाणं वाजवणे, हा वापर. निगा करायची, वापर करायचा नाही. त्यामुळे तो संपूर्ण पावसाळा आमच्या बाजाराने सा ते सा आणि सा ते सा एवढंच ऐकलं. समोरचा शिंपी कंटाळून म्हणाला, "गो बाय, एक फावट तरी खंय तरी पाव!" एकदा तरी कुठेतरी पोच, असं त्याचं म्हणणं. बाबा बाजारहाटाला पणजीला गेले की मी चोरून एखादी आरती वाजवून घ्यायची. चोरीचा माल गोड असतो म्हणतात, ते खरं आहे.

दसऱ्याला पेटीवाल्याने पट्ट्या तपासल्या. सगळ्या मोकळ्या. तो खूश झाला. मला म्हणाला, "वाजव बघया." मी वर गेले, खाली आले आणि थांबले.

"फुडे?"

"पुढे नाही. पुढचा वापर."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ओसरीवर बसून पोट धरून हसला. मग बाबांना म्हणाला, "शेटांनू, पेटयेचो मालक मी मां? मालक सांगता, चेडवाक अभंग वाजवूक देवा." बाबांनी क्षणभर विचार केला. मालकाच्या सांगण्यावरून केलेली गोष्ट वापर होत नाही, हे त्यांना पटलं. त्या दिवसापासून मी उघडपणे वाजवायला लागले, आणि पेटीवाला माझा गुरू झाला. आणायला आणि न्यायला आला की ओसरीवर बसून तो मला शिकवायचा. खाण चालू असताना सुट्टीच्या दिवशीही पेटी घेऊन यायचा. त्याची शिकवायची पद्धत सोपी होती. चुकलं की तो काही बोलत नसे, फक्त कान खाजवी. मी त्याच्या कानाकडे बघून शिकले.

चार-सहा वर्षं अशी गेली. पावसाळ्यात पेटी माझी, एरवी त्याची. "माझी" हा शब्द मी मनातल्या मनातच वापरायची. बाबांसमोर वापरला असता तर त्यांनी तो तोंडातून परत काढून घेतला असता.

मग एका वर्षी दसरा झाला आणि तो आला नाही. दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. खाणी केव्हाच सुरू झाल्या होत्या, पण त्याचा पत्ता नव्हता. खरं सांगते, मला काळजी वाटायला हवी होती, पण मला आनंद होत होता. पेटी अजून घरात होती. आज गेली नाही, उद्याही जाणार नाही, असं म्हणत मी रोज वाजवत होते.

बाबा मात्र त्यांच्या वाटेने चालले होते. मुदत टळली म्हणून वस्तू खिशात घालायची नसते. आधी मालकाला निरोप द्यायचा, वाट बघायची, मग चारचौघांत विकायची, आपले पैसे आणि व्याज तेवढं ठेवून उरलेले मालकाला पोचते करायचे. त्यांनी एका ट्रक ड्रायव्हरकडून त्याच्या गावाला निरोप धाडला. जवळच्या मये गावच्या भजनी मंडळाला कुणकुण लागली आणि ते पेटी बघून गेले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला वाजवताना ऐकलं, मान डोलावली आणि किंमत विचारली.

तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की पेटी त्याची राहिली नाही तर ती तिसऱ्याच कुणाची होईल. मी बाबांकडे गेले आणि म्हटलं, "तुम्हीच घ्या ना विकत. किंमत देऊनच घ्या."

"ना," बाबा म्हणाले.

"का?"

"राखणदारान राखिल्ली वस्त आपणेच घेवपाची न्हय. आज तू पेटी मागतंस, फाल्यां हांव हंडो मागतलों. मागीर लोक म्हणटले, शेट मुद्दामच मुदत चुकयता."

त्यांचं म्हणणं मला कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त राग आला. मी जेवणावर रुसले. रुसवा दुपारपर्यंत टिकला, कारण दुपारी आईने केळ्याची भजी तळली.

मयेची मंडळी पेटी न्यायला यायच्या आदल्या दिवशी पेटीवाला आला. दाढी वाढलेली, कपडे चुरगाळलेले. आई आजारी होती त्याची, तिच्याजवळ राहिला होता. आता ती उठून बसली होती, तेवढ्यात निरोप पोचला आणि तो मिळेल त्या वाहनाने निघाला होता. त्याने पैसे पुढे केले. बाबांनी नेहमीप्रमाणे पेटी आणून ठेवली. त्याने तिच्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "बाय, वाजव." मी वाजवलं. पण मला रडू येत होतं आणि ते लपवता येत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, कान खाजवला नाही. पेटी डोक्यावर घेऊन गेला.

त्यानंतरच्या मिरगाला आम्हाला तो येईल असं वाटलं नव्हतं. आता तो खाणीवरच ट्रक चालवायला लागला होता, डिचोलीतच कौलारू खोली घेतली होती, आईला घेऊन आला होता. गळती नाही, गरजही नाही. तरी तो आला. नवा बुशशर्ट घालून, डोक्यावर पेटी.

"शेटांनू, ठेवन घेवा."

"कितले पयशे जाय?" बाबांनी विचारलं.

"पैशे नको. नुसती पेटी ठेवा."

बाबांनी गल्ल्यावरचा हात मागे घेतला. "रीण ना आणि गहाण? न्हवऱ्याबगर वरात काडटलो?" त्यांनी समजावून सांगितलं, की गहाण हे कर्जाच्या आधाराने उभं राहतं. कर्ज फिटलं की गहाण आपोआप संपतं, आणि कर्जच नसेल तर ते सुरूच होत नाही. नुसती वस्तू ठेवायला हे काय गुदाम आहे?

पेटीवाला विचारात पडला. मग म्हणाला, "मगे रीण देवा. एक रुपयो देवा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गल्ल्यातून एक रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला आणि पावती लिहिली. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

दसऱ्याला तो आला, ओसरीवर बसून मला दोन अभंग शिकवले आणि उठला.

"पेटी सोडयना?" बाबांनी विचारलं.

"औंदा नाय जमणा, शेटांनू. परिस्थिती जरा बिकट."

बाबांनी त्याच्या नव्या घड्याळाकडे बघत मुदत वाढवून दिली. दरवर्षी हेच. तोवर गावात बँक आली होती. तो चालवायचा त्या ट्रकच्या बाजूला बँकेचं नाव रंगवलेलं होतं. ट्रक बँकेला गहाण, पण धावतो मालकाच्या दारातून, हे बाबांना भारी नवल वाटे. "वस्त तांच्याकडे आणि गहाण नुसतें कागदार!" असं म्हणून ते मान हलवत. बँकेमुळे माळ्यावरच्या वस्तू एकेक करून गेल्या. हंडे गेले, शिवणयंत्र गेलं. शेवटी त्या खोलीत मी आणि एका रुपयाची पेटी, एवढ्याच उरलो.

मग मीही गेले. माझं लग्न इब्रामपूरला झालं. सासरची माणसं शेतकरी, काजूच्या बागा, भरलं घर. मला तिथं आवडलं, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून उगाच कुणी गैरसमज करून घ्यायचा. फक्त घरात वाद्य नव्हतं. तांदूळ पाखडताना माझी बोटं सुपाच्या काठावर चालायची. सासूबाई ते बघत होत्या, हे मला माहीत नव्हतं.

पहिल्याच वर्षी, काजूचा हंगाम संपत आला असताना, आमच्या अंगणासमोर खाणीचा ट्रक येऊन थांबला. पेटीवाला उतरला, सासूबाईंकडे पाणी मागितलं आणि बसला.

"शेटांका सांगलंय," तो म्हणाला, "रुपयो माझ्याच्यान फिटूचो नाय. पेटी विकून टाका म्हणान. तेंनी तीन वेळा विचारल्यानी. मी तीनय वेळा सांगलंय, नाय म्हंजे नाय."

"मग?" मी विचारलं.

"मगे काय? मुदत दिल्यानी, ती संपली. बुधवारी बाजारात इकतले. साऱ्यांका कळयल्यानी. तुका कळवक नाय मां? कळवचे नाय ते. म्हणान मी इलंय."

मी म्हटलं, "मला ते विकणार नाहीत. राखणाऱ्याच्या घरात ती जाऊ शकत नाही."

यावर सासूबाई बोलल्या. "राखणदाराचे घरचें तूं आतां खंय? तूं आमची न्हय गो?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि काजूचे आलेले पैसे घेऊन बाहेर आल्या.

मला त्या क्षणी खूप आनंद झाला आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलं. ज्या घरात ती पेटी मी वाढत्या वयात वाजवली, त्या घरची मी उरले नव्हते, म्हणूनच ती मला मिळणार होती. पेटीवाल्याने हे किती वर्षं आधी मनात धरलं होतं, कोण जाणे. मी विचारलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "पाणी बरां हा तुमच्या बावडेचां."

बुधवारी मी दुकानात शिरले तेव्हा बाबा उभे राहिले. मयेची मंडळी आधीच आली होती. पेटी मधोमध ठेवलेली. बाबांनी मला विचारलं, "धूव म्हणून आयल्या काय गिरायक म्हणून?" धूव म्हणजे लेक.

"गिऱ्हाईक म्हणून. इब्रामपूरहून."

त्यांनी मला खुर्ची दिली. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात पहिल्यांदा "बसा" म्हटलं. मी खाली बघत बसले.

मयेच्या म्हाताऱ्याने एक रास्त किंमत बोलली. मी वर गेले. तो आणखी वर गेला, मी आणखी वर गेले. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखलं आणि पानाचा डबा उघडला. बाबांनी तीनदा पुकारलं. म्हातारा पान लावण्यात गुंग झाला होता. पेटी माझ्या नावावर सुटली.

बाबांनी माझे पैसे घेतले. त्यातून एक रुपया काढला, मग त्या रुपयाचं इतक्या वर्षांचं व्याजही काढलं, चार पैसेही सोडले नाहीत, आणि उरलेले सगळे पेटीवाल्यापुढे ठेवले. मला वाटलं होतं तो घेणार नाही. त्याने घेतले, रुमालात बांधले. मला फार बरं वाटलं. "नवी घेतंय," तो म्हणाला. "ही आता तुझ्या हाताक लागली. माजो हात ऐकणा नाय."

गहाण संपलं. बाबांनी पावती फाडली, दुकानातल्या पोराला गल्ल्यावर बसवलं आणि पेटी स्वतः खांद्यावर घेतली. मी नको म्हणत होते. त्या दुकानात किती वर्षं मी लोकांना वस्तू घेऊन जाताना पाहिलं होतं, पण बाबांनी कुणाची वस्तू कधी दुकानाच्या पायरीखाली पोचवली नव्हती. भर बाजारातून ते पुढं आणि मी मागं असे आम्ही बसस्टँडवर आलो.

म्हापशाच्या बसमध्ये गर्दी होती. बाबांनी पेटी आत चढवली, ड्रायव्हरच्या मागे नीट बसवली आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. बस सुटायला झाली तरी ते उतरेनात. कंडक्टर आला आणि वैतागून म्हणाला, "सामानाची तिकीट काडची पडटली. कोणाची ही पेटी?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "म्हज्या धुवेची."

मग त्यांनी खिशातून सुटे पैसे काढून पेटीचं तिकीट घेतलं, ते माझ्या हातात दिलं आणि खाली उतरले.